शाळेतून बोलावणं आलं की : मुलांसाठी लिहिणाऱ्यांना काही कामाच्या गोष्टी

मुलांसाठी लिहिलेलं पहिलं पुस्तक आलं, की वर्षा-दोन वर्षांत एखाद्या शाळेतून फोन येतोच. "मॅडम, आमच्या मुलांना मार्गदर्शन करायला याल का?" मार्गदर्शन म्हटलं की आपण भाषण तयार करायला बसतो. चौदा वर्षांपूर्वी मीही बसले होते. मैदानात चारशे मुलं, पुढच्या रांगेत पहिली-दुसरीची, डोक्यावर ऊन. वाचनाचं महत्त्व या विषयावर मी पाऊण तास बोलले. पुढे बसलेली एक मुलगी बोटानं मातीत चित्र काढत होती. एक घर, दारात कोंबडी, कोंबडीमागे बारके बारके ठिपके, म्हणजे पिल्लं असावीत. बाईंनी येऊन तिला सरळ बसवलं आणि तिनं तळहातानं ते सगळं पुसून टाकलं. परतीच्या एसटीत मला माझ्या भाषणातलं काही आठवत नव्हतं, ती कोंबडी मात्र डोळ्यांसमोरून हलत नव्हती. त्या मुलीच्या हातात कागद द्यायला हवा होता.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चालते. मी शाळेतून निघेन तेव्हा प्रत्येक मुलाकडे त्याचं स्वतःचं, त्यानंच लिहिलेलं काहीतरी असलं पाहिजे. वेळ, मुलांची संख्या, सत्कार, पैसे, सगळं मग त्या हिशेबानं ठरवायचं.

मी कऱ्हाडला राहते. कऱ्हाड, पाटण, माण, खटाव, शिराळा इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत जास्त जाते, अधूनमधून कोकणात, कधी पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत. पुढचं सगळं त्या अनुभवातलं आहे.

फोन ठेवण्याआधी

होकार देण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. कोणता वर्ग, मुलं किती, बसायची जागा कशी आहे आणि खिचडी किती वाजता असते. शेवटचा प्रश्न ऐकून सर बुचकळ्यात पडतात, पण तो फार महत्त्वाचा आहे. फोडणीचा वास वर्गात आला की मुलांचं लक्ष स्वयंपाकघराकडे जातं, आणि ते जायलाच हवं, कारण काही मुलं सकाळी नुसता चहा पिऊन आलेली असतात. लिहिण्याचं काम खिचडीच्या आधी निदान अर्धा तास संपलेलं असावं. नाहीतर जेवणानंतर सुरू करावं.

लिहिण्यासाठी एका वेळी तीस-पस्तीस मुलं, त्याहून जास्त नकोत. शिक्षण हक्काच्या कायद्यानं प्राथमिकच्या तीस मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. एका माणसानं प्रत्येक मुलापाशी वाकून बघायचं म्हटलं तर हा आकडा किती बरोबर आहे ते वर्गात उभं राहिल्यावर कळतं. "पण मॅडम, सगळ्या शाळेला लाभ व्हावा" असं मुख्याध्यापक म्हणणारच, आणि त्यांचंही खोटं नाही. लेखक काही रोज येत नाही. अशा वेळी मी सांगते, की परिपाठाला सगळ्या मुलांसमोर दहा मिनिटं एक गोष्ट सांगते, त्यानंतर मला एकच वर्ग द्या. बहुतेक ठिकाणी हे मान्य होतं. झालं नाही तर मी नम्रपणे नाही म्हणते. तीनशे मुलांसमोर माइकवर लेखन कार्यशाळा होत नाही.

डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेचं गणित वेगळं. पहिली ते चौथी मिळून सतरा मुलं, सगळी एकाच खोलीत. तिथे वर्ग वेगळे काढू नका. पहिलीतलं मूल सांगतं आणि चौथीतलं लिहून घेतं, अशा जोड्या लावा. मोठ्या मुलांना दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवण्याची फार चांगली सवय लागते आणि लहानग्यांना आपलं बोलणं कागदावर दिसतं. माझ्या सगळ्यात आनंदाच्या कार्यशाळा अशाच शाळांत झाल्या आहेत.

दिवस निवडताना पंचांगाइतकंच शाळेचं कॅलेंडर बघा. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, या दोन दिवशी सगळ्यांना लेखक हवा असतो. त्या दिवशी शाळेत इतर कार्यक्रमही ठेवलेले असतात, त्यामुळे मुलांच्या वाट्याला आपण वीस मिनिटं येतो. मी त्यांना त्याच आठवड्यातला दुसरा साधा दिवस मागते. जून-जुलैत पाटणच्या वरच्या अंगाला किंवा कोकणात जाऊ नका. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की शेजारी बसलेल्या मुलाचंही ऐकू येत नाही. जानेवारीत क्रीडा स्पर्धा आणि स्नेहसंमेलन असतं, फेब्रुवारीत शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा ताण. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरचे तीन-चार आठवडे हा सगळ्यात निवांत काळ. शनिवारची सकाळची शाळाही चांगली. हवा गार असते, मुलं ताजी असतात.

पैशांचं फोनवरच बोला, अवघडू नका. मी खाजगी शाळांकडून मानधन घेते आणि आकडा आधीच सांगते. झेडपीच्या शाळेकडून फक्त एसटीचं भाडं, तेही शाळेच्या खात्यातून निघणार असेल तर. कारण ते पैसे बऱ्याचदा एखाद्या गुरुजींच्या खिशातून येतात, हे मी पाहिलं आहे. तुम्ही तुमचा नियम ठरवा, पण एकदा ठरवून ठेवा, म्हणजे दर वेळी घासाघीस नको.

सत्काराचंही तेव्हाच. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचं मनोगत यात चाळीस-पन्नास मिनिटं सहज जातात आणि मुलं तोवर मांडी घालून बसलेली असतात. गावाला पाहुण्याचा मान करायचा असतो, तो प्रेमाचाच भाग आहे, त्याला नाही म्हणून कुणाचं मन मोडू नये. मी एवढंच विचारते, "सत्कार शेवटी ठेवूया का? आणि शालीच्या पैशांत शाळेच्या वाचनपेटीसाठी दोन पुस्तकं घेता येतील का?" माझीच पुस्तकं घ्या असं मात्र चुकूनही म्हणू नका. पुस्तक विक्रीचा गठ्ठा मी शाळेत नेत नाही. वर्गातल्या पाच मुलांनी पुस्तक घेतलं आणि पंचवीस जण बघत बसले, हे मला सहन होत नाही.

शेवटची विनंती वर्गशिक्षकांना. आठ दिवस आधी मी पुस्तकाची एक प्रत पोस्टानं पाठवते आणि सांगते, की यातली एखादी गोष्ट मुलांना नुसती वाचून दाखवा, शिकवू नका. तात्पर्य विचारू नका, कठीण शब्द फळ्यावर लिहू नका. आणि पाहुण्यांना विचारायचे प्रश्न पाठ करून घेऊ नका. पाठ केलेला प्रश्न लगेच ओळखू येतो. विचारून झालं की मूल सुटकेचा श्वास टाकून खाली बसतं आणि उत्तर ऐकतच नाही.

पिशवीत काय न्यायचं

सुटे एकरेघी कागद, मुलांच्या संख्येपेक्षा दहा जास्त. वही नको. वहीत लिहायचं म्हटलं की मूल समास आखतं, तारीख घालतं, विषय लिहितं आणि मग निबंध लिहितं. टोक केलेल्या पंधरा-वीस पेन्सिली, दोन-तीन शार्पनर. खोडरबर मी मुद्दाम नेत नाही. काही मुलं पहिलंच वाक्य पाच वेळा खोडतात, कागद फाटतो, रडू येतं. चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे जायचं, मीही असंच करते, असं सांगते आणि माझ्या गोष्टीचा पहिला कच्चा खर्डा दाखवते. दोन्ही बाजूंनी बाण, काट, समासात लिहिलेली वाक्यं. तो कागद हातोहात वर्गभर फिरतो. छापील पुस्तकापेक्षा मुलं त्याच्याकडे जास्त वेळ बघतात, म्हणून तो न विसरता न्या.

वर्गात

आधी एक गोष्ट वाचायची, दहा मिनिटांची. चित्रांचं पुस्तक असेल तर ते मुलांकडे तोंड करून, खांद्याच्या उंचीवर धरायचं आणि आपण तिरकं बघून वाचायचं. घरी आरशासमोर सराव करा, पहिल्यांदा मान अवघडते. पान उलटण्याआधी थांबायचं. खोलीच्या कोपऱ्यातल्या मुलांना चित्र दिसत नाही, म्हणून प्रत्येक चित्र सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवायचं. मुलं बसकरपट्टीवर असतील तर आपणही खालीच बसावं.

मग लिहिणं. "काहीही लिहा, मोकळेपणानं लिहा" असं म्हणू नका. मोकळं म्हटलं की मुलांना सुचतं ते पाठ्यपुस्तकच. मी बहुतेक ठिकाणी अंगावरच्या खुणेची गोष्ट घेते. माझ्या उजव्या कोपरावर एक जुना व्रण आहे, तो दाखवते आणि विचारते, कशानं झाला असेल? उत्तरं येतात, पडलात, कुत्रं चावलं, बाईंनी मारलं. मग खरं सांगते, की लहानपणी आजोळी पाण्याचा हंडा घेऊन पळताना उंबऱ्याला अडखळले आणि पडल्यावर पहिल्यांदा मी हंड्याला पोचा आला का ते बघितलं, कारण आजीची भीती वाटत होती. तो हंडा ऐकला की मुलांचे हात आपोआप वर जातात. अंगावर खूण नसलेलं मूल या चौदा वर्षांत मला भेटलेलं नाही.

पण लगेच लिहायला लावायचं नाही. आधी शेजारच्याला सांगायचं, दोन मिनिटं, नंतर त्याचं ऐकायचं. वर्गात कालवा होतो. बाई धावत येऊन "शांत बसा" म्हणतात, त्यांना आधीच सांगून ठेवा, की हा गोंगाट हवा आहे. कारण मूल जे तोंडानं सांगतं ते जिवंत असतं आणि हातात पेन्सिल आली की तेच सपाट होतं. सांगून झालं की मी म्हणते, "आत्ता शेजारच्याला जे सांगितलंस, त्याच शब्दांत कागदावर सांग." वीस मिनिटं. त्या वेळात मी बोलत नाही, फक्त फिरते.

फिरताना काय करायचं, हाच या कामाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. खटाव भागात एका चौथीतल्या मुलानं लिहिलं होतं, "गाय हा एक उपयुक्त पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय असतात." त्याच्या पायावर गाईच्या लाथेची खूण होती, तिथून तो इथे पोचला होता. "बरोबर आहे, पण छान लिही" असं म्हणून काही होत नाही. मी शेजारी बसले आणि विचारलं, तुमच्या गाईचं नाव काय? कपिली. ती कुणाला धार काढू देते? आईला. तुला? लाथ मारते. बाबांना? तो हसायला लागला. मी म्हटलं, हे लिही. त्यानं लिहिलं, "कपिली आईलाच धार काढू देते. आई मामाकडं गेली की बाबा आईचं लुगडं अंगावर घेतात आन् मग बसतात. तरी ती वास घेती." ते वाचून वर्ग आनंदानं हसला आणि तो मुलगा दिवसभर मान ताठ करून फिरत होता.

तर विचारायचे प्रश्न असे असावेत, ज्यांचं उत्तर फक्त त्या मुलालाच ठाऊक आहे. नाव काय, तेव्हा हातात काय होतं, घरात अजून कोण होतं, तू आधी काय केलंस, कुणापासून लपवलंस. "तुला कसं वाटलं" हा प्रश्न मी टाळते. त्याचं उत्तर "मला खूप वाईट वाटले" एवढंच येतं.

भाषेचा प्रश्न इथेच येतो. मूल लिहितं "म्या गेलतो", "लई लागलं", "न्हाई सांगितलं". सर मागून हळूच म्हणतात, प्रमाण भाषेत लिही. त्यांच्यावर परीक्षेची जबाबदारी आहे, मला ते कळतं. तरी पहिला कागद घरच्या भाषेतच हवा, यावर मी अडून राहते. घरच्या शब्दाला हात लावला की मागची आठवणही निघून जाते. त्यासाठी सुरुवातीलाच एक छोटा खेळ घेते. घरात रोज बोलला जाणारा, पण पुस्तकात कधी न दिसलेला शब्द सांगा. फळा भरून जातो. माळवं, कोरड्यास, डालगं, दावं, वैरण. एका बंजारा मुलीनं आईसाठी 'याडी' सांगितलं आणि सगळ्या वर्गानं तो शब्द तिच्याकडून म्हणायला शिकून घेतला. तिनं नंतर दोन पानं लिहिली. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतही हा खेळ चालतो. तिथे मुलांना आजीचे शब्द आठवतात.

शुद्धलेखनाला त्या दिवशी हात लावू नका. लाल पेन पिशवीतच नसावं. ऱ्हस्व-दीर्घ महत्त्वाचं नाही असं माझं म्हणणं नाही. भिंतीवर लावायची पक्की प्रत करताना मूल स्वतःच विचारतं, "बाई, वेलांटी पहिली का दुसरी?" तेव्हा सांगितलेलं लक्षात राहतं.

प्रत्येक वर्गात तीन-चार मुलं लिहितच नाहीत. बऱ्याचदा त्यांना अक्षरं जुळवणंच जड जात असतं आणि ते लपवण्यासाठी ती दंगा करतात. अशा मुलाला बाजूला घ्या आणि तो सांगेल ते तुम्ही लिहा, अगदी त्याच्या शब्दांत. शेवटी त्याला वाचून दाखवा आणि खाली सही करायला सांगा. कागद त्याचाच.

आणि कधी कधी एखादा कागद हातात येतो आणि आपले पाय लटपटतात. खूण पडल्यानं झालेली नसते, कुणीतरी केलेली असते. असा कागद वर्गात वाचायचा नाही. मुलाला मी एवढंच म्हणते, "तू मला सांगितलंस, बरं केलंस. हे मी बाईंना सांगू का?" मारहाणीचा किंवा त्याहून वाईट कशाचा संशय असेल तर मुख्याध्यापकांशी त्याच दिवशी, दार लावून बोलायचं आणि १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकाची आठवण करून द्यायची. कार्यशाळेला जाण्याआधी याची मनाची तयारी करून ठेवा. वाचायला दिलेला प्रत्येक कागद मूल विश्वासानं देतं. म्हणूनच मी मुलांचे फोटो किंवा त्यांचे कागद माझ्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टाकत नाही.

वाचून दाखवणं ज्यांना हवं त्यांनीच. आधी एक-दोन हात वर येतात, मग रांग लागते. प्रत्येकानंतर टाळ्या नकोत, ऐकणाऱ्यांनी फक्त एक सांगायचं, की यातलं तुला काय डोळ्यांसमोर दिसलं?

शेवटी प्रश्न. "हे खरं घडलं होतं का?" आणि "तुम्हाला किती पैसे मिळतात?" हे दोन सगळीकडे येतात. दुसऱ्या प्रश्नावर शिक्षक मुलांना दटावतात, पण मी सरळ सांगते, की माझं पुस्तक शंभर रुपयांना विकलं गेलं की मला दहा मिळतात, बाकीचे कागद, छपाई, चित्रकार, दुकानदार, प्रकाशक यांना जातात. मग पाचवी-सहावीची मुलं लगेच हिशेब करायला बसतात. पुस्तक कामातून तयार होतं, हे त्यांना अशानं फार नीट कळतं.

परत आल्यावर

खरं तर आपण गेल्यावर शाळेत काय राहतं, ते वर्गशिक्षकांवर अवलंबून असतं. म्हणून निघताना मी त्यांच्याशी दहा मिनिटं बसते आणि दोनच गोष्टी मागते. एक, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं असंच सुट्या कागदावर लिहू द्या, न तपासता. दुसरी, एक भित्तिपत्रक, मुलांच्या उंचीवर लावलेलं. कार्यालयाच्या दारावर लावलं तर ते फक्त साहेब वाचतात. वर्षाअखेरीस जमलं तर कागद शिवून एक हस्तलिखित होतं. वाचायला काय द्यावं असं विचारलं तर मी 'किशोर' मासिक सुचवते. बालभारती ते १९७१ पासून काढते आहे आणि त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. एका फोनवर सगळा वर्ग ऐकू शकतो.

मुलांचे कागद मी घरी आणते आणि प्रत्येकाच्या खाली एक ओळ लिहून परत पाठवते. छान, सुंदर, शाब्बास असं नाही. त्यातलं मला आवडलेलं नेमकं काय, ते. "लुगड्याचा वास घेणारी कपिली मला आता कायम लक्षात राहील." पस्तीस कागदांना दोन संध्याकाळी लागतात. तेवढा वेळ काढून ठेवूनच होकार द्या.

आणि परत पाठवायला उशीर करू नका. एका जानेवारीत कऱ्हाडजवळच्या शाळेत ऊसतोडीला आलेल्या टोळीतला एक मुलगा वर्गात होता. बीडकडचा, तिसरीतला. त्यानं हाताला लागलेल्या कोयत्याबद्दल लिहिलं होतं, आणि शेवटी, "उरलेलं उद्या सांगतो." माझे कागद पोचायला तीन आठवडे लागले. तोवर टोळी दुसऱ्या फडावर गेली होती आणि बाईंनी त्याचा कागद मला परत पाठवला. मग त्यांनीच हजेरीतून त्याच्या गावच्या शाळेचं नाव काढून दिलं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी तो कागद तिकडे पोस्टानं पाठवला, सोबत एक कोरा कागद आणि माझा पत्ता लिहिलेलं पाकीट. आता मी आठ दिवसांच्या आत कागद परत करते, आणि मुलांना सांगते, की कागदाच्या मागे नावाबरोबर आपलं मूळ गावही लिहा.